गळत काहीच नाही, तरी गळती!

प्रश्न : लॉन आणि मंगल कार्यालयांचं बुकिंग करणारी आमची छोटी वेबसाइट आहे. जँगोमध्ये लिहिलेली, गनिकॉर्नवर चालते. सर्व्हर भाड्याचा, 4 जीबी रॅमचा. रिस्टार्ट केल्यावर सगळं मिळून 600 एमबी लागतात. चौथ्या दिवशी हाच आकडा साडेतीन जीबीवर जातो आणि रात्री साइट बंद पडते. म्हणून रोज पहाटे 3 वाजता रिस्टार्ट लावून ठेवला आहे. हे बरोबर आहे का? की सरळ 8 जीबीचा सर्व्हर घ्यावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : 8 जीबी घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्याच आकड्यांवरून रोज साधारण पाऊण जीबी वाढते आहे. रॅम दुप्पट केली तर साइट चौथ्याऐवजी नवव्या-दहाव्या दिवशी पडेल. भाडं मात्र पहिल्या दिवसापासून जास्त.

आधी एक खात्री करून घ्या. 'फ्री' कमांडमध्ये मोकळी रॅम जेमतेम दिसली की बरेच जण घाबरतात. पण लिनक्स रिकामी रॅम नुसती पडू देत नाही. डिस्कवरच्या फायली तिथे आणून ठेवतो आणि गरज पडली की लगेच जागा करून देतो. म्हणून नजर शेवटच्या 'अव्हेलेबल' रकान्यावर ठेवायची. आता तुमची साइट खरोखर पडते म्हणता, तर कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' हे शब्द शोधा. सापडले तर दुखणं खरं. शेजारी कोणत्या प्रोसेसचं नाव आहे तेही वाचा. कर्नल बहुधा सगळ्यात मोठ्या प्रोसेसचा बळी देतो, आणि ती पुष्कळदा बिचारा डेटाबेस असते. चोर वेगळा, फाशी वेगळ्याला.

या दुखण्याला आपण मेमरीची गळती म्हणतो. मला हा शब्द कधीच पटला नाही. इथे बाहेर काहीच जात नाही. जे परत जायला हवं ते घरातच अडकून पडतं. तुमच्याच धंद्यातलं सांगतो. लग्नासाठी बिछायत केंद्रातून गंज, कढया, सतरंज्या आणल्या. लग्न आटोपलं, सामान परत गेलं, विषय संपला. पण एखादा गंज कुणाच्या तरी वहीत 'वापरात' म्हणून लिहिलेला राहिला, तर तो परत जात नाही आणि पुढच्या लग्नाला नवा येतो. पायथनमध्ये कचरा उचलायची सोय आहे, मग असं कसं, असं तुम्ही विचाराल. ती सोय फक्त बेवारस सामान उचलते. वहीत ज्याची नोंद आहे, त्याला ती हात लावत नाही.

एका गंजाने काय बिघडतं? लंडनच्या रुग्णवाहिका सेवेला हे 1992 साली कळलं. त्यांच्या नव्या संगणक यंत्रणेत दर वेळी गाडी रवाना केली की फाइल सर्व्हरवर थोडीशी मेमरी घेतली जाई आणि परत दिली जात नसे. कुणा प्रोग्रामरकडून तसा कोडचा तुकडा राहून गेला होता. तीन आठवडे कुणाला पत्ता नाही. 4 नोव्हेंबरच्या पहाटे मेमरी संपली, यंत्रणा ठप्प झाली, आणि कर्मचाऱ्यांना पुन्हा कागदावर यावं लागलं. त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटी तिथे याहून मोठा गोंधळ झाला होता, पण त्याची कारणं निराळी.

तेव्हा तुमची वही शोधू या. दर पाच मिनिटांनी प्रत्येक वर्करचा आरएसएस नोंदवून त्याचा आलेख काढा. (आरएसएस म्हणजे रेसिडेंट सेट साइझ, प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम. नागपुरात हा खुलासा केलेला बरा.) त्याच आलेखावर किती विनंत्या आल्या तेही टाका. रेघ चढून एका उंचीवर थांबत असेल तर ती गळती नव्हे, अंग गरम होणं आहे. एकदम पायरीसारखी उडी दिसली तर त्या मिनिटाला कुणी मोठी एक्सेल फाइल उतरवली का, शंभर फोटो चढवले का, ते पाहा. गिऱ्हाईक झोपलेलं असतानाही रेघ चढतच असेल तर संशय पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामांवर घ्यायचा. आणि विनंत्यांच्या मापाने सरळ चढत असेल, तर एखाद्या पानात वही उघडी राहिली आहे.

कोणत्या पानात, हे प्रत्यक्ष साइटवर शोधू नका. दुसऱ्या यंत्रावर नक्कल उभी करा, एकच वर्कर ठेवा आणि एकेका पत्त्यावर विनंत्यांचा मारा करा. पहिल्या काहीशे सोडून द्या. पुढच्या 10,000 विनंत्यांत 40 एमबी वाढली, तर विनंतीमागे 4 केबी झाले. आता स्वतःला विचारा, माझ्या कोडमध्ये 4 केबीची वस्तू कोणती? पायथनमधलं 'ट्रेसमॅलॉक' दोन वेळची चित्रं ताडून थेट ओळ क्रमांक देतं. त्याने वेग मंदावतो, म्हणून तेही नकलेवरच.

न पाहता सांगणं धोक्याचं, तरी माझी पैज शोधाच्या पानावर. तारीख, भाग आणि बजेट यांच्या प्रत्येक जोडीचं उत्तर तुम्ही एखाद्या ग्लोबल डिक्शनरीत किंवा 'एलआरयू कॅश'मध्ये ठेवत असाल. एलआरयू कॅशची मर्यादा मुळात 128 नोंदींची असते; कुणीतरी वेगाच्या नादात तिथे 'नन' लिहितो आणि मर्यादाच उडते. माणसं मुहूर्ताच्या चार तारखा पाहतात. सर्च इंजिनच्या बॉटला मुहूर्ताशी देणंघेणं नाही. 'पुढचा महिना' ही लिंक तो 2090 सालापर्यंत दाबत जाईल, आणि प्रत्येक दिवसाची नोंद तुमच्या रॅममध्ये राहील. मर्यादा घाला, आणि कॅलेंडरही दीड-दोन वर्षांवर थांबवा.

जँगोचं 'डीबग' चालू राहिलं नाही ना, तेही पाहा. त्यात प्रत्येक एसक्यूएल क्वेरीची नोंद ठेवली जाते. नव्या विनंतीला ती यादी पुसली जाते, पण तासन्‌तास चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये फुगते.

कोड निर्दोष असूनही आकडा खाली येत नाही, असंही होतं. प्रोग्रामने मेमरी सोडली तरी मधला व्यवस्थापक, म्हणजे लिनक्सवर बहुधा जीलिबसीचा मॅलॉक, ती लगेच कर्नलला देत नाही; पुन्हा लागेल म्हणून स्वतःकडे ठेवतो. वर्करमध्ये अनेक थ्रेड असतील तर तो वेगवेगळी कोठारं उघडतो, 64 बिट यंत्रावर कोअरच्या आठ पटीपर्यंत. 'मॅलॉक अरीना मॅक्स' 2 करून पाहा. तेवढ्याने रेघ सपाट झाली तर बाकीचा शोध वाचला.

राहिला रिस्टार्ट. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अपॅचेमध्ये ठरावीक जोडण्यांनंतर प्रोसेस बदलायची सोय कधीपासून आहे, आणि तिचं कारणही हेच दिलेलं आहे. पण पहाटे 3 चा सरसकट रिस्टार्ट नको. गनिकॉर्नचं 'मॅक्स रिक्वेस्ट्स' वापरा, म्हणजे ठरलेल्या विनंत्या झाल्या की एकेक वर्कर बदलेल. सोबत 'जिटर' ठेवा, नाहीतर सगळे एकदम उठून जातील. घड्याळापेक्षा विनंत्यांचा हिशेब तुमच्यासाठी महत्त्वाचा. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि वर्दळ चौपट झाली, की आजचे चार दिवस एका दिवसावर येतील. तेव्हा पहाटेचा रिस्टार्ट रात्री 9 ला पडणारी साइट वाचवणार नाही.

आठवडाभराचा आलेख आणि शोधाच्या पानाचं कोड पाठवा. माझी पैज चुकली असेल तर पुढच्या अंकात इथेच कबूल करेन.