बाभूळ, बिबट्या आणि बोरूभर उजेड

जुन्नरात सुतारकी करण्यात माझं आयुष्य गेलं. वडिलांच्या हाताखाली गाडीची चाकं, तिफणी, कुळव केले. पुढं घरांच्या चौकटी आल्या, मग प्लायवूड आणि सनमायका. हाताला काम नसलं की मी डोंगरात असायचो. शिवनेरी दारातच आहे. चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट हेही काही लांब नाहीत. कामात आणि डोंगरात जे हाती लागलं, ते नव्या पोरांसाठी लिहून ठेवतो.

१. लाकूड ओळखायचं ते झाड उभं असताना. वखारीतली फळी रंधून आली की सगळीच सारखी दिसते. मुरमाड बांधावर सावकाश वाढलेली बाभूळ चिवट असते. पाटाच्या कडेला पाणी पिऊन माजलेली बाभूळ वजन आल्यावर दगा देते. चाकाचा तुंबा कुठल्या बुंध्यातून काढायचा, हे वडील शिवारात फिरतानाच ठरवून ठेवत. तोडलेले बुंधे काही महिने डोहात नाहीतर विहिरीत बुडवून ठेवायचे. लाकडातला गोडवा पाण्यात उतरतो, मग भुंगा त्याच्या वाटेला फारसा जात नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड किडत नाही, असं जुनी माणसं सांगत. माझा भरवसा तिथीपेक्षा डोहावर जास्त राहिला.

२. थोडं कमी माप घेतलं, तरच घट्ट बसतं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिलेली माणसं आता थोडी उरली. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा जरासा कमी ठेवायचा. किती कमी, ते लोहार आणि सुतार दोघांनी मिळून ठरवायचं. गोवऱ्यांचा गोल जाळ करून त्यात धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची, चारी बाजूंनी घणाचे ठोके द्यायचे आणि लाकूड पेट घ्यायच्या आत घागरी ओतायच्या. पाणी पडलं की वाफेचा लोट उठतो आणि त्यातून चाक करकरायला लागतं. आऱ्यांची कुसवं तुंब्यात रुतत जातात, पाटे एकमेकांना भिडतात. एवढ्या सांध्यांत ना खिळा, ना डिंक. फरक कमी ठेवला तर धाव उन्हाळ्यात सैल पडते, जास्त ठेवला तर आरे वाकतात. इतकं अचूक काम मी पुढं कधी केलं नाही, आणि ते संपलं याचं मला आजही वाईट वाटतं.

३. पटाशीला धार रात्रीच लावून ठेवा. सकाळी गिऱ्हाईक दारात उभं असतं.

४. दाराला पावसाळ्याची जागा सोडा. आमच्या पश्चिम पट्ट्यात आषाढ-श्रावणात लाकूड फुगतं. वैशाखात दार चपखल बसवून शाबासकी घेणाऱ्याला जुलैत रंधा घेऊन परत जावं लागतं.

५. वाट गुराख्याला विचारा, आणि उतरायची वाट आधी विचारा. १८१८ साली किल्ले घेतल्यावर इंग्रजांनी चावंडच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. आता तिथं आधाराला रेलिंग आहे, तरी ओल्या खडकावर पाय ठरत नाही. चढताना नजर वर असते, म्हणून भीती वाटत नाही. उतरताना सगळी दरी समोर येते. घाटघरच्या महादेव कोळी माणसांनी मला जीवधनच्या वाटा दाखवल्या. हिरडा गोळा करायला ती त्या रानात फिरतात. कुठला दगड हलतो हे त्यांना पाठ असतं.

६. गडावरचं पाणी म्हणजे कोणाची तरी मेहनत आहे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी असोत की चावंडवरची सात टाक्यांची रांग, ही सगळी कातळ खोदून केलेली आहेत. छिन्नीनं लाकूड कोरताना मनगट किती भरून येतं ते मला माहीत आहे, आणि हा तर बेसाल्ट. त्यात पाय धुणाऱ्याला, बाटली फेकणाऱ्याला मी तिथल्या तिथं बोलतो. तुम्हीही बोला.

७. बिबट्याबरोबर राहायला शिका. माझ्या लहानपणी तो डोंगरातला होता. कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात त्याला आडोसा, पाणी, कुत्री-डुकरं सगळं मिळालं. त्याची पिल्लं आता उसातच जन्मतात. २००१ च्या सुमारास इथले बिबटे धरधरून दुसरीकडं सोडले, पण माणसांवरचे हल्ले काही थांबले नाहीत. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात तर सोडलेल्या जागीही हल्ले वाढल्याचं दिसलं. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्यातले बिबटे पाहिले की जीव कळवळतो. आणि ज्या घरातलं लेकरू गेलं, तिथं गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही. दोन्ही खरं आहे. म्हणून जमतं तेवढं करा: तिन्हीसांजेला पोरांना अंगणात एकटं सोडू नका, उसाच्या कडेनं जाताना बॅटरी घ्या, मोठ्यानं बोलत चला, रात्री उघड्यावर बसू नका, गोठ्याला दार लावा. हे दार मी कित्येकांना फक्त लाकडाच्या पैशात करून दिलं.

८. धान्यात मिळणारी मजुरी गेली ते बरंच झालं. बलुत्याच्या आठवणी लोक प्रेमानं काढतात. पण खळ्यावर सुपं घेऊन उभं राहणारी माझी आई होती, आणि पाऊस नसला की पहिलं सुतारालाच रिकामं परतावं लागायचं. १९७२ च्या दुष्काळात आमचं घर खडी फोडून आणि सुकडी खाऊन तगलं. काम सुरू करायच्या आधी रक्कम बोला आणि वहीत लिहा. सख्खा मेहुणा असला तरी लिहा.

९. नाणेघाट पाहायचा तर गर्दीचे रविवार टाळा, मार्गशीर्षात आडवारी जा. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. राणी नागनिकेच्या काळातल्या यज्ञांची आणि दक्षिणेची त्यात नोंद आहे: गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी, आणि पुढं आकडे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे गेले, पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी राहिली. लोक समोरून बॅटरी मारतात आणि काही दिसत नाही म्हणून निघून जातात. रंधलेल्या फळीतला खड्डा शोधताना आम्ही उजेड कडेनं, तिरका पाडतो. इथंही तसंच करा. बॅटरी भिंतीच्या कडेला, अगदी बोरूएवढी बारीक उजेडाची रेघ पडेल अशी धरा. भिंतीला हात लावू नका. अक्षरांच्या कडांवर सावली पडते आणि ओळीमागून ओळ वर येते. ब्राह्मी वाचता आली नाही तरी आकड्यांच्या जागा कुठल्या, हे कोणी एकदा दाखवलं की पुढं आपले आपल्याला सापडतात.