एकीला केमो, दुसरीला गोळी, असं का?

शेजारच्या ताईंना केमो दिली, त्यांचे केस गेले. आमच्या आईला मात्र नुसती गोळी लिहून दिली. गरीब म्हणून टाळलं का? वस्तीत हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो.

तसं नाही. कॅन्सर हे शंभराहून जास्त आजारांचं मिळून एक नाव आहे. तो जिथे सुरू झाला, त्यावरून ओळखला जातो. स्तनाचा कॅन्सर हाडात पसरला तरी तो स्तनाचाच राहतो आणि औषधही त्याचंच लागतं. मिश्री-तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर मुख्य उपचार ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन. रक्ताच्या कॅन्सरमध्ये कापायला गाठच नसते, तिथे औषधावरच भिस्त.

केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. केसांची मुळं, तोंडातली आतली त्वचा, हाडातला रक्त बनवणारा मगज यांतल्या पेशीही झपाट्याने वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात. केस बहुतेकांचे परत येतात. भीती बाळगायची ती तापाची. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर मेडिकलमधून गोळी आणून घरी थांबू नका. मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

आता आईची गोळी. स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-टू अशी अक्षरं असतात. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ शरीरातल्या इस्ट्रोजेनवर पोसते. टॅमॉक्सिफेनची गोळी ती वाट अडवते. ती सहसा निदान पाच वर्षं रोज घ्यावी लागते. गाठ काढली, बरं वाटलं, की आपल्या घरांत ती बंद होते. कॅन्सर परतायला तेवढी फट पुरते. गोळी स्वस्त आहे म्हणून हलकी समजू नका.

महाग गोळीचीही एक गोष्ट आहे. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब गोळी नोव्हार्टिस कंपनीकडून महिन्याला लाखाच्या वर पडायची, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. 1 एप्रिल 2013 रोजी सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली, म्हणून स्वस्त गोळी टिकली.

खर्चासाठी ससूनमध्ये समाजसेवा अधीक्षकांना भेटा. खासगी हॉस्पिटलात असाल तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्या. बायोप्सीच्या रिपोर्टची एक झेरॉक्स घरी वेगळी ठेवा. फाईल हरवली तर नवा डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतो.