एका पिनेचा ताबा : रेडिओ, संगणक आणि आपले विद्यार्थी

इतिहासाच्या शिक्षकाने रेडिओच्या यंत्ररचनेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु यंत्रालाही इतिहास असतो आणि त्या इतिहासात एक प्रश्न सतत विचारावा लागतो : कळ कोणाच्या हाती होती? मराठवाड्यापुरते बोलायचे, तर निजामी अमदानीत हैदराबादचा ‘डेक्कन रेडिओ’ संस्थानाच्या मालकीचा होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली तीही रेडिओवरूनच. पुढे 3 ऑक्टोबर 1954 रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, हे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. ज्यांच्यासाठी ते भाषण सर्वाधिक मोलाचे होते, त्यांच्या किती वस्त्यांत तेव्हा रेडिओचा संच होता? पुढे संच आले. पण बटण फिरवायचे आणि ऐकायचे, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध राहिला. झाकण उघडणाऱ्या मुलाला तर मार मिळे.

हे झाकण आता एका वेगळ्या अर्थाने उघडले आहे. जुन्या रेडिओत लहर निवडणे, गाळणे आणि तिच्यातून आवाज वेगळा करणे ही सारी कामे तारांची वेटोळी व धारित्रे करीत. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत यांपैकी बहुतेक कामे संगणकाचा प्रोग्रॅम करतो. अँटेनावर आलेल्या लहरीचे मोजमाप सेकंदाला लाखो वेळा घेऊन तिचे आकडे केले जातात. पुढचे सारे गणित. आपल्या मुलांच्या आवाक्यातले असे उपकरण म्हणजे ‘आरटीएल-एसडीआर’ हे बोटाएवढे डोंगल. आरटीएल 2832 यू ही त्यातील चिप मुळात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवली होती. ती लहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते, हे 2012 च्या सुमारास फिनलंडच्या अँटी पालोसारी यांनी ओळखले आणि ‘ओस्मोकॉम’ प्रकल्पातील मंडळींनी तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहून तो सर्वांसाठी खुला केला. हे डोंगल सेकंदाला सुमारे 24 लाख नमुने विनातक्रार देते. प्रत्येक नमुन्यात दोन आकडे असतात, म्हणजे सेकंदाला 48 लाख आकडे!

आता मूळ विषयाकडे वळू. या चिपला आकडे पाठविण्याच्या वाटेखेरीज काही मोकळ्या पिना असतात. त्यांना जीपीआयओ, म्हणजे सर्वसाधारण वापराच्या पिना म्हणतात. त्यांचे काम कारखान्याने कायमचे ठरवून टाकलेले नसते. प्रोग्रॅम सांगेल ते त्या करतात. पिनेवर 1 लिहिला की तेथे सुमारे सव्वातीन व्होल्टचा दाब येतो, 0 लिहिला की तो जातो. एवढीच तिची भाषा.

पण हा 1 लिहायचा कोठे? चिपमध्ये आठ खणांच्या छोट्या ओळी असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आपल्या हजेरीच्या रजिस्टराशी त्यांचे साम्य केवळ नावापुरते नाही. वर्गातील एका मुलीची हजेरी लावताना इतरांच्या खुणा पुसून चालत नाही. येथेही तेच. समजा, ओळीत 00010100 असे आहे आणि आपल्याला शून्य क्रमांकाची पिन, म्हणजे उजवीकडचा शेवटचा खण, चालू करायचा आहे. थेट 00000001 लिहिले, तर ती पिन चालू होईल खरी, पण आधीच्या दोन पिना बंद पडतील आणि त्यांवर अवलंबून असलेला एखादा भाग मुकाट्याने थांबेल. म्हणून आधी पूर्ण ओळ वाचायची, तिच्यात हवा तेवढाच खण बदलायचा आणि 00010101 ही ओळ परत लिहायची. चालू करण्यासाठी ‘किंवा’ ही तर्कक्रिया वापरतात. बंद करण्यासाठी त्या खणात 0 व बाकी सर्वत्र 1 असलेली ओळ घेऊन ‘आणि’ ही क्रिया करतात. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला कागदावर हे अर्ध्या तासात समजते, असा माझा अनुभव आहे. याआधी एक पायरी असते : ही पिन ऐकणारी नसून बोलणारी आहे, हे दिशा ठरविणाऱ्या निराळ्या रजिस्टरात नोंदवावे लागते. ती पायरी गाळली, तर 1 लिहूनही पिन गप्पच राहते आणि विद्यार्थी दिवसभर तारा तपासत बसतो.

या पिनेचा प्रत्यक्ष उपयोग काय? आरटीएल-एसडीआरच्या तिसऱ्या आवृत्तीत शून्य क्रमांकाची पिन एका कळीला जोडलेली आहे. पिनेवर 1 आला की अँटेनाच्याच तारेतून साडेचार व्होल्टचा पुरवठा वर जातो आणि टोकाला बसविलेला सिग्नलवर्धक त्यावर चालतो. त्याला वेगळी वायर नको, वेगळी बॅटरी नको. येथे एक बारकावा आहे. पिन स्वतः वर्धकाला वीज पुरवीत नाही, तेवढी तिची ताकद नसते. ती फक्त कळ दाबते. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरला आपण बोटाने बटण दाबतो, मोटर बोटाच्या जोरावर फिरत नाही, तसेच हे.

सावधगिरीच्या गोष्टी दोन. काही अँटेनांत मधली तार आणि बाहेरची जाळी आतून जोडलेल्या असतात. तेथे पुरवठा सुरू केला की सरळ शॉर्ट होते. म्हणून आधी मल्टिमीटर लावून पाहावे. आणि प्रोग्रॅम बंद केला तरी पिन 1 वरच राहू शकते, म्हणून शेवटी 0 लिहिण्याची सवय लावावी. कायद्याचेही सांगायला हवे : हे डोंगल केवळ ग्रहण करते, प्रक्षेपण करायचे, तर त्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. दुसऱ्यांची खासगी संभाषणे ऐकण्यासाठी या विद्येचा वापर आपल्या मुलांनी करू नये.

हा सारा पोरखेळ वाटत असेल, त्यांनी पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडदला जावे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण तेथे आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मध्यभागी, 16 तीन भुजांवर, आणि पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. कोणत्या लहरी ऐकायच्या, त्यानुसार तबकडीच्या केंद्रस्थानी योग्य ग्राहक फिरवून आणणे, परीक्षेसाठी ठरावीक गोंगाट मिसळणे, ही कामे तेथे कोणी शिडी चढून करीत नाही. नियंत्रण कक्षातून आज्ञा जाते आणि तबकडीजवळच्या यंत्रणेत एखादी कळ 0 ची 1 होते. प्रमाण प्रचंड आहे, तत्त्व तेच. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तेथे शाळा-महाविद्यालयांचे प्रयोग मांडले जातात आणि दुर्बीणही जवळून पाहता येते. आपल्या संस्थेची बस तेथे जावी, असे मला मनापासून वाटते.

29 ऑक्टोबर 1942 रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. केवळ कारकुनीपुरते शिक्षण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. आज आपल्या अनेक शाळांत संगणक आहेत. पण खोलीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, अशी स्थिती मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. बिघडेल, ही भीती. तथागतांनी आपल्या धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले, या आणि पाहा. आपण मात्र मुलांना दारातून पाहा म्हणतो. पिनेवर 1 लिहिता आला म्हणून जात जात नाही, हे मला कळते. तरीही स्वतः लिहिलेल्या आज्ञेने एखादी वस्तू हलताना पाहिलेले मूल ‘हे आपले काम नव्हे’ हे वाक्य सहजासहजी मान्य करीत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते आहेत, त्यांना एक प्रयोग सुचवितो. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून मोठा कर्णा बनवावा. त्याच्या तळाशी योग्य लांबीची तार, तिला 1420 मेगाहर्ट्झसाठीचा सिग्नलवर्धक व गाळणी आणि मग हे डोंगल जोडावे. कर्णा आकाशगंगेच्या पट्ट्याकडे वळवून काही मिनिटांचे आकडे गोळा करून त्यांची सरासरी काढावी; मग आकाशाच्या दुसऱ्या, रिकाम्या भागाकडे वळवून तेच करावे. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की 1420.4 मेगाहर्ट्झच्या आसपास पहिल्या आलेखात एक लहानसा उंचवटा दिसतो. तो आकाशगंगेतील हायड्रोजनचा, 21 सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा. मग विद्यार्थिनीला त्या रजिस्टरातील शेवटचा खण 0 करायला सांगावे. वर्धकाचा पुरवठा थांबतो आणि पुढच्या आलेखात उंचवटा गोंगाटात बुडालेला असतो. 1 लिहावा, पुन्हा काही मिनिटे थांबावे. तो परत वर येतो.