माणूस आधी, चाचणी नंतर
उशिरा कळलेल्या एडीएचडी-ऑटिझमसाठी ऑनलाइन थेरपी घेताना येणाऱ्या खर्चाचा हिशेब

प्रगतिपुस्तकात शेरा असायचा, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ घरी नाव पडलं धांदरट, सासरी वेंधळी आणि ऑफिसात ‘डोक्यावर आल्याशिवाय न हलणारी’. मग पस्तिशी-चाळिशीत मुलाच्या तपासणीला गेलेली आई तिथली प्रश्नावली भरता भरता थबकते. वस्तू हरवणं, वाक्य अर्धवट ऐकणं, आवाजाने अंगावर काटा येणं, घरी पाहुणे येऊन गेले की दोन दिवस अंथरूण धरणं. हे सगळं तर आपलंच वर्णन!

असं उशिरा कळण्याला कारणं आहेत. एडीएचडी म्हटलं की वर्गात उड्या मारणारा मुलगाच डोळ्यांसमोर येतो. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची तपासणीही होत नाही. शिवाय अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार २०१३ पर्यंत एकाच व्यक्तीला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं देता येत नव्हती. त्यामुळे दोन्ही असलेल्या कितीतरी बायकांच्या फायलीवर ‘चिंता’ किंवा ‘नैराश्य’ एवढंच लिहिलं गेलं.

आता प्रश्न पैशांचा. मुंबईत नाहूरहून अंधेरीच्या थेरपिस्टकडे जायचं तर स्लो लोकलने घाटकोपर, तिथल्या पुलावरची गर्दी, मग मेट्रो. जिला गर्दी आणि गोंगाट सोसत नाही तिची निम्मी शक्ती खुर्चीत बसण्याआधीच संपते. म्हणून ऑनलाइन. त्याला खर्च किती येतो, कुठे करावा आणि कुठे हात आखडावा, ते पाहू.

आधी क्रम ठरवा

बहुतेक जणी सुरुवात महागड्या चाचणीने करतात, कारण ‘खरंच आहे की मी नाटक करतेय?’ हा प्रश्न झोपू देत नाही. पण नुसत्या कागदाने रोजचं जगणं बदलत नाही. कमी खर्चाचा क्रम असा:

१. रक्ततपासणी. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन बिघडलं की थकवा येतो आणि विसराळूपणाही. ती शंका आधी मिटवा. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त मूलभूत तपासण्या मोफत होतात.
२. दोन-तीन थेरपिस्टशी ओळखीचा फोन. पंधरा मिनिटांचा हा फोन बरेच जण मोफत देतात.
३. त्यांपैकी एकीकडे तीन सेशन.
४. पूर्ण चाचणी. औषध सुरू करायचं असेल, ऑफिसात सवलत मागायची असेल किंवा सरकारी प्रमाणपत्र हवं असेल तरच हा खर्च करा. स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी हवी असेल तर तेही कारण योग्यच आहे, पण मग ती चौथ्या पायरीवर करा.

दर काय आहेत

मुंबईच्या उपनगरांत पन्नास मिनिटांच्या ऑनलाइन सेशनचे आणि तपासण्यांचे साधारण दर पुढे दिले आहेत. ते माणसागणिक बदलतात, म्हणून ठरवण्याआधी विचारून घ्या.

• नुकतंच काम सुरू केलेले समुपदेशक: ६०० ते १,००० रुपये
• पाच-सात वर्षं अनुभव असलेले: १,२०० ते २,००० रुपये
• प्रौढ न्यूरोडायव्हर्जंट (म्हणजे एडीएचडी, ऑटिझम असलेल्या) व्यक्तींसाठीच काम करणारे: २,००० ते ३,५०० रुपये
• सवलतीच्या राखीव जागा: ३०० ते ८०० रुपये. काही थेरपिस्ट अशा मोजक्या जागा ठेवतात, पण जाहिरात करत नाहीत. ‘स्लायडिंग स्केल आहे का?’ एवढं विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.
• मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषध देणारे डॉक्टर: पहिल्या भेटीचे १,००० ते २,५०० रुपये, पुढच्या भेटींना कमी
• प्रौढांची एडीएचडी चाचणी: ८,००० ते १५,००० रुपये. ऑटिझमचीही असेल तर ३०,००० पर्यंत. रक्कम भरण्याआधी लेखी अहवाल आणि तो समजावून सांगणारी बैठक त्यात धरली आहे का, ते विचारा. ती वेगळी असेल तर आणखी एका सेशनचे पैसे जातात.

पाटीवर काय लिहिलंय ते वाचा

‘थेरपिस्ट’ हा शब्द कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्या व्यक्तीकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक हवा. तो मागा. या सगळ्यांपैकी औषध फक्त मानसोपचारतज्ज्ञ लिहून देऊ शकतात. समुपदेशकाला आरसीआयची नोंदणी लागत नाही आणि चांगला समुपदेशक या कामात उत्तम ठरू शकतो. पण औपचारिक चाचणीचे पैसे त्याला देऊ नका, कारण तो अहवाल पुढे सरकारी कामात चालत नाही.

फोनवर विचारायचे सहा प्रश्न

‘न्यूरो-अफर्मेटिव्ह’ हा शब्द हल्ली प्रत्येक प्रोफाइलवर दिसतो. अर्थ साधा आहे: तुमच्या मेंदूची घडण वेगळी आहे हे मान्य करून, तिच्यासकट नीट जगायला मदत करणारी थेरपी. ती खरी आहे की नुसती पाटी, ते या प्रश्नांतून कळतं.

*प्रौढ बायकांसोबत किती काम केलंय?* मुलांसोबतचा अनुभव मोठा असला तरी तो वेगळा. चाळीस वर्षं मुखवटा घालून वावरलेल्या बाईचे प्रश्न वेगळे असतात.

*निदानाचा कागद नसेल तर चालेल?* ‘आधी चाचणी करून या’ असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

*थेरपीतून काय साधायचं?* ‘डोळ्याला डोळा भिडवून बोलायची सवय लावू, चारचौघींसारख्या व्हाल’ असं कुणी म्हणालं तर आभार मानून फोन ठेवा. ‘घरातला आवाज, उजेड, कामांची वाटणी आणि तुमच्या थकव्याचं वेळापत्रक बघू’ असं म्हणणारी व्यक्ती तुमच्या कामाची.

*कॅमेरा बंद ठेवला, अधूनमधून टाइप केलं, बोलताना हाताला चाळा ठेवला तर चालेल?* हा होकार फुकट मिळतो, पण त्याचं मोल फार मोठं.

*मराठीत बोलता येईल?* घुसमट, वैताग, ‘कसंतरी होतंय’ हे इंग्रजीत सांगताना अर्धा अर्थ गळतो. तो गळलेला अर्धा समजावण्यात सेशनचे पैसे जातात.

*मी सेशन विसरले तर?* हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. नेहमीचा नियम असा की चोवीस तास आधी रद्द केलं नाही तर पूर्ण फी. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. मंगळवारी चारचं सेशन. पावणेचारला गॅसवर दूध, तेवढ्यात सोसायटीचा वॉचमन पार्सल घेऊन दारात, पार्सलमध्ये मुलाच्या प्रकल्पाचा कागद, कागद कापायला कात्री सापडत नाही. कात्री शोधता शोधता चार पंचवीस होतात आणि दूधही उतू गेलेलं असतं. दीड हजार गेले. ज्या लक्षणासाठी मदत मागायला आलो, दंडही त्याच लक्षणाला! म्हणून पहिल्याच दिवशी बोलून घ्या: सेशनच्या दिवशी सकाळी आणि तासभर आधी व्हॉट्सअॅपवर आठवण, वार आणि वेळ कायम एकच, आणि तीन महिन्यांत एक चूक माफ. समजूतदार थेरपिस्टला यातलं काही जड जात नाही.

औषध ऑनलाइन मिळेल का?

एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येतं. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी औषधं ऑनलाइन सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावं लागतं आणि हे औषध ठेवणारं मेडिकल दुकानही शोधावं लागतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ मुलुंड, भांडुप, ठाणे असे लोकलने जवळ पडणारे निवडा. थेरपिस्ट मात्र कुठल्याही गावचा चालतो. ‘घरबसल्या निदान आणि गोळ्या’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

कमी पैशांत किंवा फुकट

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. आठवड्याला थेरपी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण रात्री दोनला सगळं अंगावर आलं असताना ऐकणारं कुणीतरी आणि पुढे कुठे जायचं याचा पत्ता, एवढं नक्की मिळतं.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ पासून देवनारच्या आवारातून चालते. फोनवर बोलणं ही जिच्यासाठी शिक्षा आहे तिने त्यांचा ईमेल आणि चॅटचा पर्याय वापरावा.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मराठीतल्या मानसिक आरोग्याच्या कामाचं मोठं केंद्र आहे. नाहूरहून दोनच स्टेशनं. एखादी भेट प्रत्यक्ष आणि बाकीच्या ऑनलाइन जमतील का, ते विचारून बघा.

‘हिला ठाण्याला नेऊन सोडा’ ही आपल्याकडची जुनी थट्टा. ज्या मनोरुग्णालयावरून ती सुरू झाली ते १९०१ सालचं आणि आजही तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. रांग लांब असते आणि प्रौढ एडीएचडीचा अनुभव असलेले डॉक्टर त्या दिवशी भेटतीलच असं नाही, पण पैशांपायी दार बंद होत नाही. महापालिकेच्या सायन आणि केईएम रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत.

नोकरी असेल तर एचआरकडे ईएपीची, म्हणजे कर्मचारी साहाय्य योजनेची चौकशी करा. बऱ्याच कंपन्या ठरावीक सेशन मोफत देतात आणि काही ठिकाणी नवऱ्याच्या कंपनीची सोय बायकोलाही लागू होते. आपलं नाव ऑफिसपर्यंत जातं का, ते आधी लेखी विचारा.

विमा, कर, प्रमाणपत्र

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले. पण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावरच पैसे देतात. आठवड्याच्या सेशनसाठी ओपीडीचा जादा भाग घेतलेला असावा लागतो आणि त्यातही समुपदेशकाची पावती चालते की डॉक्टरांचीच, ते बघावं लागतं. थेरपी सुरू करण्याआधी कंपनीला ईमेल टाका आणि प्रत्येक सेशनची पावती ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. एडीएचडी मात्र वेगळं धरलेलं नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळ देतं आणि त्यासाठीच्या यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राला पैसे पडत नाहीत. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. अर्थात प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, हा निर्णय फक्त तुमचा.

बंद दाराचा खर्च

वन बीएचकेत ऑनलाइन थेरपीसाठी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बंद होणारं दार. हॉलमध्ये सासूबाई, बेडरूममध्ये अभ्यास, स्वयंपाकघरात कुकर. बायका मग पार्किंगमधल्या गाडीत, गच्चीवर किंवा ऑफिसच्या मीटिंगरूममध्ये बसतात. डबे गेल्यानंतरची सकाळी साडेअकराची वेळ मागून बघा. माइक असलेला साधा हेडफोन घ्या, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं तरी घरात ऐकू जात नाही. घरी सांगायचं नसेल तर ‘ऑफिसचा कॉल आहे’ एवढं पुरतं.

वर्षाचा हिशेब

दर आठवड्याला १,५०० रुपये म्हणजे वर्षाला ७८,००० रुपये. इतकं लागतंच असं नाही. पहिले सहा सेशन दर आठवड्याला, पुढचे दहा पंधरवड्याला आणि शेवटचे सहा महिन्याला एक, अशी आखणी केली तर बावीस सेशनचे ३३,००० रुपये होतात. ८०० रुपयांच्या सवलतीत तेच १७,६०० वर येतं. औषधासाठी डॉक्टरांच्या तीन भेटींचे साडेचार हजार वेगळे धरा आणि चाचणी लागलीच तर तिचे पंधरा हजार. ही आखणी थेरपिस्टला पहिल्याच भेटीत दाखवा. ‘बजेट एवढंच आहे, यात काय करता येईल?’ असं विचारल्यावर जी व्यक्ती कागद-पेन घेऊन बसते तिच्याकडे थांबा.

तीन सेशननंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा: या पन्नास मिनिटांत मला मुखवटा चढवावा लागतो का? लागत असेल तर फी कितीही कमी असली तरी ती थेरपी महागच पडते. थेरपिस्ट बदला. त्यासाठी कारणं द्यायची गरज नाही, ‘मला जमत नाहीये’ एवढा मेसेज पुरे.