आकड्याच्या अलीकडचा शब्द

रिपोर्ट लिहायला बसलीस की आकडा आधी लिही. त्याच्या अलीकडे ‘अबाउट’ हवं, ‘ऑलमोस्ट’ हवं की काहीच नको, हे मग ठरव. आपल्याकडे बहुतेकांचं उलटं होतं. हात सवयीने ‘अप्रॉक्झिमेटली’ लिहून मोकळा होतो आणि नंतर आकडा शोधला जातो. औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली आहेस, तर हे पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडू दे. तुझा रिपोर्ट वाचणारा ऑडिटर तुला ओळखत नसतो. त्याच्यासमोर फक्त तो कागद असतो.

सगळ्यात आधी ‘ऑलमोस्ट’ आणि ‘निअरली’ यांची गोष्ट सांगते, कारण मराठी माणूस इथेच हमखास अडखळतो. बोलताना आपण ‘जवळजवळ पन्नास’ म्हणतो तेव्हा अठ्ठेचाळीसही चालतात आणि बावन्नही. तेच डोक्यात ठेवून ‘ऑलमोस्ट ५० टॅब्लेट्स चिप्ड’ असं लिहिलंस, तर इंग्रजी वाचणारा समजतो की पन्नास भरल्या नाहीत, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असतील. मोजून बावन्न असतील तर तुझं वाक्य चुकीचं आहे, आणि चूक कमी दाखवण्याच्या बाजूची आहे. अशी चूक कोणी साधी समजत नाही. दोन्ही बाजू खुल्या ठेवायच्या असतील तर ‘अबाउट’. खालून टेकलेलं असेल तर ‘निअरली’, ‘ऑलमोस्ट’ किंवा ‘जस्ट अंडर’. वर गेलं असेल तर ‘मोर दॅन’ किंवा ‘ओव्हर’.

यात एक बारकावा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ‘निअरली’ची बाजू वाटचालीवरून ठरते. मोजणी चढत असेल तर ‘निअरली ५०’ म्हणजे पन्नासच्या खाली. पण कोल्ड रूमचं तापमान १० वरून उतरत असेल आणि तू लिहिलंस की ते ‘निअरली २ डिग्री’पर्यंत आलं, तर ते दोनच्या वर आहे, दोनला अजून पोचलेलं नाही. ज्या औषधांची साठवण २ ते ८ अंशांत करायची, त्यांच्या बाबतीत दोनच्या वर की खाली यावर अख्ख्या बॅचचं भवितव्य ठरतं. तिथे कुठलाच अंदाजी शब्द वापरू नकोस. लॉगरने १.८ दाखवलं तर १.८ लिही, कधीपासून कधीपर्यंत राहिलं ती वेळ लिही आणि थांब.

शिवाय ‘ऑलमोस्ट’ आणि ‘निअरली’ हे शब्द ‘बघा, केवढं झालं’ असंही सुचवून जातात. ‘ॲज मेनी ॲज’ तर उघडच तसं सांगतं. घरच्या पत्रात ते शोभतं. तपासणीच्या अहवालात वाचणाऱ्याचं मत आपण घडवू नये.

‘अबाउट’चा मला सगळ्यात आवडणारा वापर फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात आहे. ‘वे ॲक्युरेटली अबाउट ०.५ ग्रॅम.’ नवीन मुलं इथे गोंधळतात: अचूकही म्हणायचं आणि सुमारेही म्हणायचं, हे कसं? दोन्ही शब्द तिथे आपापलं काम चोख करतात. ‘अबाउट’ सांगतो की घेताना दहा टक्के इकडेतिकडे चालेल, म्हणजे ०.४५ ते ०.५५ ग्रॅममध्ये कुठेही. ‘ॲक्युरेटली’ सांगतो की जे घेतलंस ते तराजू दाखवेल तितकं अचूक टिपून ठेव: ०.५०३७ तर ०.५०३७. नेमकं ०.५००० करण्यासाठी चमच्याच्या टोकाने कण काढत-घालत बसणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. तेवढ्यात हवेतला ओलावा पावडरीत शिरतो आणि वजन पुन्हा हलतं. घेताना सैल आणि नोंदताना काटेकोर, हेच त्या वाक्याचं म्हणणं आहे.

तिथे ‘अबाउट’ला मोकळीक मिळते, कारण ती किती हे ग्रंथाने सुरुवातीलाच बांधून दिलेलं असतं. विद्राव्यतेचे शब्दही असेच बांधलेले आहेत. ‘स्पेअरिंगली सोल्युबल’ ऐकायला मोघम वाटतं, पण अर्थ पक्का आहे: एक भाग पदार्थ विरघळायला ३० ते १०० भाग द्रावक. ‘स्लाइटली’ म्हणजे १०० ते १०००. ‘प्रॅक्टिकली इन्सोल्युबल’ म्हणजे दहा हजार किंवा त्याहून जास्त. म्हणून हे शब्द रोजच्या अर्थाने रिपोर्टमध्ये घालू नकोस. ‘थोडंसं विरघळलं’ म्हणून तू ‘स्लाइटली सोल्युबल’ लिहिशील आणि वाचणारा त्यात आकडा वाचेल.

आता तुझ्या स्वतःच्या एसओपीकडे, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत सांगणाऱ्या कागदाकडे ये. ‘स्टर फॉर अबाउट १० मिनिट्स’ असं कधीही लिहू नकोस. तिथे मोकळीक कोणी बांधलेली नाही. सकाळच्या पाळीत नऊ मिनिटं होतील, रात्रपाळीत पंधरा, आणि दोघंही तुझ्याच कागदावर बोट ठेवतील. ‘नॉट लेस दॅन १० मिनिट्स’ लिही किंवा ‘१० टु १२ मिनिट्स’ लिही.

‘अप्रॉक्झिमेटली ४७.३६’ हेही खोड. दशांशाच्या दोन घरांपर्यंत माहीत असेल तर अंदाज कशाचा? एक तर ४७.३६, नाही तर ‘अबाउट ४७’. अंदाजी शब्दाशेजारी गोल आकडाच शोभतो, आणि याची दुसरी बाजूही खरी आहे: गोल आकडा एकटा असला तरी लोक त्याला अंदाजच समजतात. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट अशी जाहीर झाली. सांगतात की हिशेब बरोब्बर २९,००० वर आला होता, पण लोक त्याला ठोकळ आकडा म्हणतील या धास्तीने वर दोन फूट घातले गेले. घालणं चूकच, पण धास्ती रास्त होती. तुझं वजन खरोखर ५०.०० भरलं असेल तर नुसतं ५० लिहू नकोस, ती दोन शून्यंही लिही.

एकक बदलताना तर फार जप. जर्मनीचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांची तापमानं टिपून १८६८ मध्ये सरासरी ३७ अंश सेल्सिअस सांगितली. माणसागणिक आणि वेळेगणिक ती बदलते हे त्यांना ठाऊक होतं. तिचं फॅरनहाइट करताना ९८.६ आलं, आणि त्या दशांशामुळे सैल आकडा एकदम काटेकोर दिसू लागला. आजही ९९ दिसलं की घरात काळजी सुरू होते. ‘अबाउट ५ माइल्स’चं किलोमीटर करशील तेव्हा ८ लिही, ८.०५ नको.

आपल्या बोलीतून येणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या काढून ठेवते. ‘दहा-बारा सॅम्पल्स’ला इंग्रजीत ‘टेन-ट्वेल्व्ह’ होत नाही, ‘टेन ऑर ट्वेल्व्ह’ किंवा ‘टेन टु ट्वेल्व्ह’ होतं. ‘टेन-फिफ्टीन’ तर परदेशी माणूस सव्वादहा वाजले असं वाचेल. ‘बिटवीन’ लिहिलंस तर पुढे ‘अँड’च हवं, ‘टु’ नाही. ‘टु’ हवं असेल तर सुरुवात ‘फ्रॉम’ने कर. ‘शंभरएक’साठी ‘अ हंड्रेड ऑर सो’ चांगलं आहे, पण त्याच्या आधी पुन्हा ‘अबाउट’ लावू नकोस. ‘१० टु १२’ला ‘अप्रॉक्झिमेटली’ही लावायचं नाही. पल्ला दिला की अंदाज त्यातच आला. आणि ‘२०-ऑड’मधली ती छोटी आडवी रेघ विसरलीस तर ‘वीसहून थोडी जास्त माणसं’ची ‘वीस विचित्र माणसं’ होतात.

‘ओव्हर’ की ‘मोर दॅन’ यावर कोणी तुझ्याशी वाद घातला तर वेळ घालवू नकोस. अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘ओव्हर’वर एकोणिसाव्या शतकापासून आक्षेप होता. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तकाने २०१४ मध्ये तो सोडून दिला. मी स्वतः ‘मोर दॅन’ लिहिते, कारण ‘ओव्हर अ मंथ’ म्हटलं की महिन्याहून जास्त की महिनाभरात, असे दोन अर्थ निघतात.

‘अप टु’ मात्र जपून वाच. ‘अप टु ५० पर्सेंट’ म्हणजे पन्नासच्या पुढे नाही, एवढंच. शून्यही त्यात बसतं. पुरवठादाराच्या पत्रात हा शब्द आला की किमान किती, हे लेखी मागून घे.

आणि तक्त्यात जागा वाचवायला आकड्याआधी नागमोडी खूण घालतात, ती जपानी ग्राहकाला जाणाऱ्या कागदावर अजिबात नको. तिकडे ती खूण पल्ला दाखवायला वापरतात. तू ‘सुमारे १०’ म्हणून घातलीस तर तिकडे ‘१० पर्यंत’ असं वाचलं जाईल. चौकट रुंद करून घे आणि ‘अबाउट’ अक्षरांत लिही.