श्रेणी-सरासरी आणि टक्केवारी : हिशेब व दक्षता

पदवीधराच्या हाती पूर्वी टक्केवारी लिहिलेली गुणपत्रिका पडत असे. आता तिच्यावर ६.१० किंवा ७.२५ असा आकडा असतो. नोकरीच्या अर्जात मात्र टक्केवारीचा रकाना कायम आहे. हा रकाना भरताना झालेली चूक उमेदवाराला महाग पडू शकते. म्हणून या आकड्यामागील गणित समजून घेणे अगत्याचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी श्रेणीपद्धतीत सर्वोच्च श्रेणीस १०, उत्तीर्णतेच्या किमान श्रेणीस ४ आणि अनुत्तीर्णास शून्य गुणांक असतो. प्रत्येक विषयाचे श्रेयांक, म्हणजे अभ्यासक्रमातील त्याचे वजन, ठरलेले असते. समजा, चार विषयांचे श्रेयांक अनुक्रमे ४, ४, ३ व १ आहेत आणि विद्यार्थ्याचे गुणांक ८, ७, ६ व ९ आहेत. त्यांचे गुणाकार ३२, २८, १८ व ९ होतात. त्यांची बेरीज ८७ होते. तिला एकूण १२ श्रेयांकांनी भागले असता सत्राची सरासरी ७.२५ येते. श्रेयांक विचारात न घेता नुसत्या गुणांकांची सरासरी काढल्यास ती ७.५० येईल, पण ती चुकीची ठरेल. पुढे सर्व सत्रांची श्रेयांकानुसार सरासरी काढली की एकत्रित सरासरी, म्हणजेच सीजीपीए, मिळते.

ही सरासरी टक्क्यांत नेताना खरी अडचण येते. श्रेणी हा गुणांचा एक पट्टा असतो. समजा, ६० ते ६९ गुणांना एकच श्रेणी आहे. तर ६० आणि ६९ गुण मिळविणारे दोघेही एकाच गुणांकावर येतात. मूळ गुण त्यातून पुन्हा काढता येत नाहीत. रूपांतरित टक्केवारी ही केवळ मान्य केलेली समतुल्यता होय.

अशी सूत्रे अनेक आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या निकालांसाठी २०१७ पर्यंत ९.५ ने गुणण्याची रीत होती. ती शालेय परीक्षेची होती. विद्यापीठाच्या पदवीस ती लावणे योग्य नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के धरले जातात. म्हणजे सरासरीतून ०.७५ वजा करून १० ने गुणावयाचे.

आता ६.१० सरासरीच्या उमेदवाराचे उदाहरण घेऊ. १० ने गुणल्यास ६१ टक्के, ९.५ ने गुणल्यास ५७.९५ टक्के, तर तंत्रशिक्षण परिषदेच्या रीतीने ५३.५ टक्के होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीस सामान्यतः किमान ५५ टक्के किंवा समतुल्य श्रेणी आवश्यक आहे. तोच उमेदवार एका सूत्राने पात्र, तर दुसऱ्याने अपात्र ठरतो.

यास्तव अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतःचे सूत्र लावू नये. पदवी देणाऱ्या विद्यापीठाने गुणपत्रिकेवर छापलेले सूत्र किंवा त्याचे रूपांतर-प्रमाणपत्र ग्राह्य धरावे आणि कोणता पुरावा लागेल हे जाहिरातीतच स्पष्ट करावे. शिक्षकांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे प्रमाणपत्र वेळीच मागवून ठेवण्यास सांगावे. गावातील मुलामुलींचे अर्ज भरून देणाऱ्या पंचायत सदस्यांनी मूळ सरासरी जशीच्या तशी लिहावी, टक्केवारी प्रमाणपत्रावरूनच घ्यावी आणि ५४.९ चे ५५ परस्पर करू नयेत. अर्जाच्या अखेरच्या दिवशी विद्यापीठाच्या दारी धाव घेण्याची वेळ त्यामुळे टळेल.