डोंगराआडचा आवाज

रेडिओचा शोध कोणी लावला असे विचारले की आपण पाठ केल्याप्रमाणे मार्कोनीचे नाव सांगतो. वास्तविक मॅक्सवेलने १८६५ साली विद्युतचुंबकीय लहरी नुसत्या गणिताने मांडल्या, हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रयोगशाळेत निर्माण केल्या आणि जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात त्या भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखविली. मार्कोनीचे पेटंट १८९६ चे. त्याचे मोठेपण लहरींना व्यवहारात जुंपण्यात आहे.

मला मात्र दुसरेच कोडे पडे. आमची वाडी ताम्हिणीच्या अंगाला, डोंगरांच्या कुशीत. तेथे साध्या ट्रान्झिस्टरवर पुणे केंद्राच्या बातम्या स्वच्छ येत. त्याच पुण्याचे एफ.एम. लावले की नुसती खरखर!

निवेदकाच्या आवाजाची मायक्रोफोनमध्ये विजेची कंपने होतात. ती इतकी संथ असतात की एकटी दूर जाऊ शकत नाहीत. पायी निघालेल्याला एस.टी.त बसवावे, तसे त्यांना वेगवान वाहक लहरीवर बसवावे लागते. पुणे केंद्राची ही लहर सेकंदाला ७,९२,००० कंपनांची. आवाजाप्रमाणे तिची उंची कमी-जास्त होते. आपण खुंटी पिळतो तेव्हा रेडिओतील वेटोळे व कंडेन्सर यांचे मंडल त्याच कंपनसंख्येशी जुळते. मग डायोडच्या साहाय्याने आवाज तेवढा वेगळा काढला जातो.

आता थोडा भागाकार. (कला शाखेच्या मित्रांनी घाबरू नये.) लहरीचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला कंपनसंख्येने भागले की लांबी येते सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि डोंगराच्या धारेवरून वळून खोऱ्यात उतरते. १०१ मेगाहर्ट्झच्या एफ.एम.ची लहर जेमतेम ३ मीटरांची. ती बहुतांशी सरळच जाते आणि डोंगराआड तिची सावली पडते. एफ.एम.चा आवाज गोड खरा, पण तो पोचला तर ना!

खोऱ्याला याचे मोल अधिक. सेनापती बापटांच्या सत्याग्रहानंतरही मुळशीचे धरण झालेच. १९२७ पासून त्याचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. वीजही मुंबईला, रेडिओही मुंबईला! ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या वाड्यांत दिवा लागायला पुष्कळ वर्षे गेली. तोवर विजेवरचे व्हॉल्व्हचे सेट तेथे काय कामाचे? १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे सेलवर चालणारे सेट खेड्यांत आले, तेव्हा कोठे १९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्राचा आवाज आमच्या घरांत शिरला.

मध्यंतरी एका आषाढात वाऱ्याने तारा तुटल्या, मोबाइलचाही पत्ता नव्हता. आजोबांनी फडताळातला ट्रान्झिस्टर काढला, सर्दावलेले सेल चुलीपाशी शेकले आणि घाटातली दरड हटेपर्यंत सारी वाडी पावसाच्या बातम्या ऐकायला आमच्या ओटीवर बसत होती.